आमच्या कॉलेजचा ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल : मेकॅनिकलच्या एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

पुणे जिल्ह्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी २०२५ मध्ये मेकॅनिकल शाखेची पदवी घेतली. सध्या चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी पदवीधर शिकाऊ उमेदवार म्हणून काम करते. हा अभिप्राय आमच्या महाविद्यालयाच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करून ती मिळवून देणाऱ्या विभागाविषयी, आहे. या सेवेसाठी आमच्याकडून दरवर्षी ३,००० रुपये वेगळे घेतले जात होते, त्यामुळे तिचे मोल तपासण्याचा अधिकार आम्हाला आहे असे मी मानते. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण अशीच खोली, असेच फलक आणि अशीच धावपळ राज्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत आहे, आणि त्या खोलीत काम करणाऱ्या एका माणसाचे माझ्यावर ऋण आहे. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीत, ज्यांना कॉलेज निवडायचे आहे आणि तिसऱ्या वर्षात आल्यावर ज्यांना नोकरीची चिंता लागली आहे, त्यांना ही सेवा आतून कशी चालते ते कळावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

प्रवेशाच्या वेळी मी आणि वडील करमाळ्याहून पहाटेच्या एसटीने आलो होतो. प्रवेशद्वारावर मोठा फ्लेक्स लावलेला होता. त्यावर निवड झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे, प्रत्येकाखाली कंपनीचे नाव आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत वर्षातले सर्वोच्च पॅकेज, असे सगळे होते. वडिलांनी तो फ्लेक्स शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि आत गेल्यावर प्रवेश समितीच्या टेबलावर एकच प्रश्न विचारला, ‘‘यात मेकॅनिकलची मुलं किती?’’ सगळ्या शाखांना सारखीच संधी असते, असे उत्तर मिळाले. माझे वडील शेतकरी आहेत, इंजिनिअरिंगशी त्यांचा संबंध नाही. पण त्या दिवशी त्या टेबलावर विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न त्यांचा होता, हे मला अंतिम वर्षात कळले.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मार्ग तेव्हाही उपलब्ध होता, फक्त आम्हाला तो माहीत नव्हता. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी, जिची पहिली यादी २०१६ मध्ये आली, महाविद्यालये जी माहिती भरतात ती सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. एका तुकडीत किती विद्यार्थी दाखल झाले, त्यांतले किती ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या वार्षिक पगाराचा मध्यक किती आणि किती जण उच्च शिक्षणाकडे वळले, हे सगळे तीन तुकड्यांसाठी एका तक्त्यात असते. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडा. दहावीच्या गणितात तो आपण शिकलेलो असतो. एका मुलीला २० लाख आणि बाकीच्या सगळ्यांना साडेतीन लाख मिळाले, तर फ्लेक्सवर २० लाख लिहिता येतात आणि सरासरीही थोडी वर सरकते, मध्यक मात्र साडेतीन लाखांवरून हलत नाही. या तक्त्यात शाखानिहाय फोड नसते. म्हणून पालकांनी तो तक्ता पाहावाच, आणि त्याशिवाय सेलकडे गेल्या दोन वर्षांची शाखानिहाय यादी मागावी. आमच्या कॉलेजात ती यादी लिपिक मॅडमच्या संगणकात होती. मी अंतिम वर्षात मागितली तेव्हा त्यांनी लगेच दाखवलीसुद्धा. चार वर्षे आधी ती कोणी मागितलीच नव्हती.

सेल म्हणजे प्रशासकीय इमारतीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. तिथे टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर असलेले सर, लिपिक मॅडम, दोन संगणक आणि दाराबाहेर काचेचा सूचनाफलक. प्रत्येक शाखेतून एक प्राध्यापक समन्वयक असतात, पण स्वतःचे तास, प्रॅक्टिकल आणि परीक्षेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात ते हे काम पाहतात. वर्गावर्गांतले विद्यार्थी समन्वयकच सेलचे खरे हातपाय. अंतिम वर्षाचे सहाशेच्या आसपास विद्यार्थी आणि पूर्णवेळ माणसे दोन, हे प्रमाण लक्षात घेतल्याशिवाय या सेवेबद्दल न्यायाने बोलता येणार नाही. टीपीओ सरांचा फोन बंद असल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्या कॉलेजात पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी एकत्र भरती, असला की सर पहाटे पाचला बसजवळ उभे असत. एकदा परीक्षेचा सर्व्हर बंद पडल्यामुळे चाचणी रात्री साडेदहापर्यंत लांबली, तेव्हा शेवटची मुलगी होस्टेलच्या फाटकातून आत जाईपर्यंत ते घरी गेले नाहीत. माणसांच्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती हे कष्ट कशासाठी वेचले जातात याबद्दल.

नोंदणी सहाव्या सत्राच्या अखेरीस होते. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या सगळ्यांत ६० टक्के, चालू केटी, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नसावी आणि मध्ये वर्ष वाया गेले असल्यास त्याचे कारण, एवढे बहुतेक कंपन्या मागतात. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्या सातवे सत्र सुरू होताच येऊ लागतात. ऑनलाइन चाचणी, मग टेक्निकल आणि शेवटी एचआर, असा क्रम ठरलेला असतो. हा भाग आमचा सेल खरोखर चोख करतो. प्रयोगशाळा वेळेवर मिळते, वीज गेली तर जनरेटर तयार असतो, कागदपत्रांची यादी दोन दिवस आधी गटावर येते आणि कोणाचे ओळखपत्र विसरले तर समन्वयक होस्टेलपर्यंत धावत जाऊन ते आणतात. संगणक आणि आयटी शाखेच्या, ६० टक्क्यांच्या वर असलेल्या, कोडिंगचा सराव केलेल्या विद्यार्थ्याला या सेवेत खोट काढायला फारशी जागा नाही.

आमच्यासारख्यांची अडचण ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमापासून सुरू होते. नियमामागचा विचार मला मान्य आहे. दहा जणांनीच तीन-तीन ऑफर धरून ठेवल्या तर उरलेल्यांच्या वाट्याला काही येत नाही. पण मेकॅनिकल, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलला घेणाऱ्या कंपन्या, ज्यांना मुले कोअर म्हणतात, आमच्याकडे प्रामुख्याने जानेवारीनंतर येत, आणि तोपर्यंत वर्गातली निम्मी मुले हाती लागलेली सॉफ्टवेअरची ऑफर घेऊन या नियमाने बाद झालेली असत. होस्टेलमधल्या माझ्या रूममेटला टूल डिझाइनमध्ये काम करायचे होते. कॅटिया आणि सॉलिडवर्क्स ही डिझाइनची सॉफ्टवेअर तिने सुट्टीत बसून मनापासून शिकून घेतली होती. ऑगस्टमध्ये तिला एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली आणि नाही म्हणण्याइतके धैर्य कर्ज काढून शिकणाऱ्या मुलीला कुठून येणार? फेब्रुवारीत साचे बनवणारी एक कंपनी नेमके तिला हवे ते काम घेऊन आली, तेव्हा तिला मुलाखतीच्या खोलीबाहेरही बसू दिले नाही. सॉफ्टवेअर कंपनीची जॉइनिंगची तारीख मी हे लिहीपर्यंत दोनदा पुढे गेली आहे. २०२२ च्या तुकडीतील अनेकांना हातात ऑफर लेटर असूनही महिनोन्‌महिने थांबावे लागले होते, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले होते. जॉइनिंगची तारीख लिहून मिळाली नसेल तर त्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शाखेच्या एका कंपनीसाठी बसू द्यावे, एवढी सवलत नियमात ठेवणे अवघड नव्हते. आम्ही अर्ज दिला होता, पण त्याचे उत्तर आले नाही.

सवलत का मिळत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एनआयआरएफमध्ये ‘ग्रॅज्युएशन आउटकम्स’ या घटकाला २० टक्के भार आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनातील पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची पुढील प्रगती पाहतो. दोन्ही ठिकाणी किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली याचा आकडा द्यावा लागतो. नावापुढे एकदा खूण झाली की तो विद्यार्थी मोजला गेला. पुढे जॉइनिंग झाले का, काम कोणते मिळाले, सहा महिन्यांनी तो तिथे टिकला का, हे विचारणारा रकाना सेलच्या नोंदवहीत मी तरी पाहिला नाही. आमच्या सेलचे नाव ट्रेनिंग अँड प्लेसमेंट असले तरी मोजदाद फक्त दुसऱ्या शब्दाची होते आणि पहिला शब्द तसाच मागे राहतो.

हा पहिला शब्द सेलने बाहेरच्या एका संस्थेकडे सोपवला होता. सहाव्या सत्रात दहा दिवस रोज सहा तास प्रशिक्षण. त्यातला ॲप्टिट्यूडचा भाग उपयोगाचा होता. वेळ-काम-वेग, टक्केवारी, संभाव्यता यांची गणिते झटपट सोडवण्याच्या रीती शिकवणारे सर तयारीचे होते आणि त्यांच्या वहीतील पाने मी आजही जपून ठेवली आहेत. मात्र उरलेले चार दिवस व्यक्तिमत्त्व विकास या नावाखाली टाय कसा बांधावा, हस्तांदोलन कसे करावे आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर कसे द्यावे, यात गेले. ग्रामीण भागातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींची खरी अडचण वेगळी असते. गिअरचे प्रकार त्यांना येतात, पण ते इंग्रजीत सलग चार वाक्यांत सांगताना शब्द अडतात. त्यासाठी रोज अर्धा तास आपल्याच विषयावर बोलण्याचा सराव लागतो. पाठ केलेल्या त्या एका उत्तराने चौघांना एकाच मुलाखतीत अडचणीत आणले, कारण चौघांनी शब्दशः तेच सांगितले होते.

या सेलमध्ये शिकवणारी जागा मला सापडली ती शनिवारी सकाळी. एका मोठ्या इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर दर शनिवारी साडेनऊ ते साडेबारा सेलच्या आतल्या खोलीत सरावाच्या मुलाखती घेतात. मानधन घेत नाहीत. आम्ही सगळे त्यांना शनिवारचे सर म्हणत असू. त्यांच्याविषयी फलकावर काही लिहिलेले नसते. मला सातव्या सत्रात, दोन मुलाखतींत नकार मिळाल्यानंतर, समन्वयक असलेल्या एका मुलाने सांगितले म्हणून मी गेले. मी फाइल पुढे केली. सरांनी ती बाजूला ठेवली, पिशवीतून व्हर्निअर कॅलिपर हे बारीक मापे घेण्याचे साधन आणि एक पितळी बुश, म्हणजे नळीसारखा सुटा भाग, काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘याचा बाहेरचा व्यास किती, ते सांग.’’

व्हर्निअर मी पहिल्या वर्षापासून हाताळत होते. बुश धरला, वाचले आणि सांगितले, ‘‘पंचवीस पॉइंट चार मिलिमीटर.’’ सरांनी विचारले, ‘‘लीस्ट काउंट किती आहे याचा?’’ लीस्ट काउंट म्हणजे त्या साधनाने मोजता येणारे सर्वांत लहान माप. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरवर व्हर्निअरचे ५० भाग, म्हणजे ०.०२, हे मी बरोबर सांगितले. ‘‘मग दुसरा दशांश कुठं गेला?’’ मी पुन्हा वाचले, जबडे सरळ धरले, आधी बंद करून शून्य जुळते का ते पाहिले. खरे माप २५.३८ होते. आधी मी ते मनातल्या मनात २५.४ करून टाकले होते. सरांनी खिशातून घडी घातलेले ड्रॉइंग काढले. त्यावर २५.४५ अधिक-उणे ०.०५ असे लिहिलेले होते, म्हणजे खालची मर्यादा बरोबर २५.४०. ‘‘तू म्हणालीस त्या मापाने हा नग पास होतो आणि खऱ्या मापाने रिजेक्ट. जो आकडा तू सोडलास ना, त्याच्यासाठीच कंपनी तुला पगार देणार आहे.’’ ते रागावून बोलले नाहीत. मग पुढचा पाऊण तास त्यांनी मला मापन, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आणि नग मर्यादेत आहे की नाही ते सांगणारे गो–नो गो गेज यांवर प्रश्न विचारले, मराठीतून उत्तर दिले तरी चालेल म्हणाले, आणि प्रत्येक उत्तर त्याच जागी पुन्हा इंग्रजीत माझ्याकडूनच म्हणवून घेतले. चार वर्षांत माझी एवढी नीट परीक्षा कोणीच घेतली नव्हती.

त्यानंतर त्यांनी माझा रेझ्युमे हातात घेतला. सेलने सर्वांना एकच नमुना दिलेला होता आणि त्यात सुरुवातीला ध्येयाचे चार ओळींचे वाक्य, शेवटी मेहनती, शिकण्यास उत्सुक, संघभावनेने काम करणारी असे गुण होते. सरांनी ते दोन्ही भाग लाल शाईने खोडले. आमच्या प्रोजेक्टबद्दल मी ‘ऊस बेण्याचे डोळे काढण्याचे यंत्र तयार केले’ एवढेच लिहिले होते. डोळे म्हणजे उसाच्या कांडीवरच्या कोंबाच्या जागा. त्याखाली त्यांनी तीन प्रश्न लिहिले: तू स्वतः काय केलेस, काय मोजलेस, मोजमाप काय आले. उत्तरे मला तोंडपाठ होती, कारण त्या यंत्राचे पाते किती खोल जाते आणि दहा कांड्यांपैकी किती डोळे फुटतात हे मीच गावाकडे उसाच्या फडाच्या बांधावर बसून मोजले होते. फक्त हे लिहायचे असते असे कोणी सांगितले नव्हते. नवा रेझ्युमे एका पानाचा झाला. पुढच्या दोन्ही मुलाखतींत पहिला प्रश्न त्या फुटलेल्या डोळ्यांवर आला.

ऑफर लेटर हाती आल्यावर सेलचे काम संपते, आणि विद्यार्थ्याला नेमकी तेव्हाच मदत हवी असते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे ३.६० लाखांचे पत्र आम्ही तिघांनी मेसमध्ये बसून फोनच्या कॅल्क्युलेटरवर सोडवले होते. महिन्याला ३०,००० रुपये हाती येतील असे त्याने घरी सांगून टाकले होते. पत्रातल्या रकमेत दहा टक्के, म्हणजे ३,००० रुपये, कामगिरीवर अवलंबून होते आणि ते वर्षाअखेरीस मिळणार होते. मूळ वेतन १५,००० धरून कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १२ टक्क्यांनी १,८००, ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२० आणि विम्याचे सुमारे ५००, हेही त्याच ३०,००० मध्ये मोजलेले होते. उरलेल्या रकमेतून त्याचा स्वतःचा निधीचा वाटा आणखी १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा झाला की हाती सुमारे २२,००० राहतात. भविष्य निर्वाह निधी त्याचाच असतो, तो बुडत नाही. पण हिंजवडीत खोलीचे भाडे द्यायचे ते या २२,००० मधूनच. व्यवसाय कराच्या बाबतीत एक गोष्ट मुलींना माहीत असावी म्हणून सांगते, की महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर लागत नाही. हा हिशेब समजावण्यासाठी सेलला वर्षातून एक दुपार पुरेल. त्याच दुपारी सर्व्हिस ॲग्रीमेंट, म्हणजे मुले ज्याला बॉन्ड म्हणतात तो ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, सही करण्यापूर्वी पूर्ण वाचायला शिकवता येईल.

आता सर्वांत मोठ्या तक्रारीकडे येते. दाराबाहेरच्या काचेच्या फलकात, उन्हाने पिवळा पडलेला एक कागद चारही वर्षे टाचलेला होता. मुंबईत शीव येथे असलेल्या बोर्ड ऑफ ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंगचे ते परिपत्रक होते. त्यावर राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेची, म्हणजे नॅट्सची, माहिती होती. मी त्याच्यासमोर उभी राहून कितीदा तरी रांगेत थांबले असेन, पण ते माझ्यासाठी आहे हे मला उमगले नाही. शिकाऊ उमेदवार म्हटले की आमच्या मनात आयटीआयची मुले येतात. वास्तविक १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारकही त्यात आले. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चाकण, भोसरी, रांजणगाव हा सगळा पट्टा आमच्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर, आणि तिथल्या कारखान्यांना कायद्यानेच आमची गरज. ही एक ओळ कोणी वर्गात येऊन सांगितली असती तर?

२०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा पदवीधरांसाठी किमान विद्यावेतन महिना ९,००० आणि पदविकाधारकांसाठी ८,००० रुपये ठरले. या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. कंपनीला याहून जास्त द्यायला मोकळीक असते; मला सध्या १८,००० मिळतात. प्रशिक्षण साधारण वर्षभराचे असते आणि ते पूर्ण झाल्यावर बोर्डाचे प्रमाणपत्र मिळते. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे वर्षानंतर कायम करण्याचे बंधन कंपनीवर नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही ज्याला शॉप फ्लोअरवर काम शिकायचे आहे त्याच्यासाठी हा सरळ रस्ता आहे. मी हा रस्ता निकाल लागल्यावर, घरी बसलेल्या पहिल्या पंधरवड्यात, शनिवारच्या सरांना फोन केला तेव्हा समजून घेतला आणि पोर्टलवर स्वतः नोंदणी केली. तीन आठवड्यांत मुलाखतीचे बोलावणे आले. टेबलावर व्हर्निअर ठेवलेला होता.

नॅट्सविषयी सेलने न बोलण्याचे कारण मी एका समन्वयक प्राध्यापकांना विचारले. मॅडम मोकळेपणाने म्हणाल्या, ‘‘अगं, ते प्लेसमेंटमध्ये धरतात की नाही यावरच आमच्याकडे मतभेद आहेत.’’ या उत्तराने मी फार अस्वस्थ झाले. मोजता येत नाही म्हणून सांगायचे नाही, असे कोणी ठरवून केले नसेल. पण झाले तसेच, आणि मेकॅनिकलच्या ज्या मुलांना कोणतीच ऑफर मिळाली नाही त्यांतले काही जण आज शिकल्यापेक्षा वेगळ्याच कामाला लागले आहेत.

केटी असलेल्या मुलांची स्थिती याहून कठीण. चालू केटी असली की नाव पात्र गटातून निघते, आणि त्या गटाशिवाय दुसरा गटच नसल्यामुळे त्यांच्यापर्यंत सेलची एकही सूचना पोहोचत नाही. कंपनीची अट सेलला बदलता येणार नाही, हे खरे. पण ॲप्टिट्यूडच्या वर्गात बसायला, रेझ्युमे तपासून घ्यायला कोणती टक्केवारी लागते? त्यांनीही ३,००० रुपये भरलेलेच होते. पालकांनी या रकमेची पावती मागावी आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काबाहेर ती कशी आकारली जाते, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

इंटर्नशिपबद्दल थोडक्यात सांगते. तिसऱ्या वर्षात तिला श्रेयांक असतात. बहुतेकांनी पाचशे-हजार रुपये भरून ऑनलाइन प्रमाणपत्र घेतले आणि सेलने त्यावर शिक्का मारला. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नऊ कारखान्यांच्या दारात बायोडेटा घेऊन गेले. दहाव्याने महिनाभर येऊ दिले. तिथे रोज सकाळी यंत्र सुरू झाल्यावर निघणारा पहिला नग तपासून पत्रकावर लिहिणे, एवढेच काम होते, पण मुलाखतीत मला सांगता आले ते त्या महिन्यातलेच. सेलकडे माजी विद्यार्थ्यांची यादी आहे, भोसरीत त्यांतल्या कित्येकांचे स्वतःचे वर्कशॉप आहे. त्या यादीतून प्रत्येकी दोन विद्यार्थी पाठवले असते तर प्रमाणपत्रे विकत घेण्याची वेळ आली नसती.

पाचपैकी मी या सेवेला तीन तारे देते. सॉफ्टवेअरकडे जाणाऱ्यांसाठी चार, कोअर शाखांसाठी दोन, आणि केटीवाल्यांसाठी देण्यासारखे काही नाही. या वर्षी थोडा बदल सुरू झाला आहे. जानेवारीत टीपीओ सरांनी स्वतः फोन करून मला अंतिम वर्षाच्या मुलांशी नॅट्सवर बोलायला बोलावले. दीडशे मुले बसली होती आणि प्रश्न संपत नव्हते, म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. फलकावरचे ते पिवळे परिपत्रक काढून नवे लावले आहे आणि त्याखाली नोंदणीच्या पायऱ्या मराठीत लिहिल्या आहेत. विद्यावेतनातला केंद्राचा वाटा थेट खात्यात येतो, म्हणून नोंदणीपूर्वी बँक खाते आधारशी जोडून घ्यावे, हेही त्यात आहे. ऑफरचा नियम मात्र अजून तसाच आहे.

शनिवारच्या सरांकडे जाण्यासाठी सेलची नोंदणी लागत नाही आणि केटी असली तरी चालते. शुक्रवारी संध्याकाळी आतल्या खोलीच्या फळ्यावर नाव लिहून ठेवावे लागते. एका सकाळी ते आठ जणांनाच वेळ देतात, आणि दुसऱ्या वर्षातले कोणी आले असेल तर त्याला आधी आत घेतात.